हॉल सोडून नुसत्या पंगती वाढाव्यात का?

मुलाखत ऑनलाइन होती. इंदूरला टिळक नगरमधल्या आमच्या घरात, मागच्या खोलीत, आईनं वाळत घातलेल्या कुरडया कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून भिंतीला टेकून बसले होते. फेब्रुवारी २०२४ चा शेवट. बीसीए झालेलं, गेम टेस्टिंगच्या नोकरीसाठी अर्ज केलेला. बग म्हणजे काय, टेस्ट केस कशी लिहायची, सगळं घोकून ठेवलं होतं. आणि समोरच्या मॅडमनी विचारलं, "मायक्रोसॉफ्टनं आपले चार गेम दुसऱ्यांच्या कन्सोलवर द्यायचं ठरवलंय, वाचलं असेल तुम्ही. मग कन्सोल बनवणाऱ्या कंपनीनं मशीन सोडून नुसते गेमच काढावेत का?"

(कन्सोल म्हणजे गेम खेळायचं मशीन.) मी ताबडतोब म्हणाले, "हो मॅडम, सोडावं. मशीनमध्ये तोटाच असतो."

"बरं," म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. नोकरी मिळाली नाही. त्यानंतर या क्षेत्रात काम करायला लागल्यावर कळलं की हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात नव्या मुलांना विचारतातच. उत्तर बरोबर की चूक हे त्यांना बघायचंच नसतं. पैसा कुठून येतो हे तुम्हाला माहीत आहे का, एवढं बघायचं असतं. मला माहीत नव्हतं. माझं कन्सोलचं शिक्षण म्हणजे लहानपणी जेल रोडवरून आणलेला टीव्हीला लावायचा व्हिडिओगेम आणि त्यातली ती "९९९९ इन वन" लिहिलेली कॅसेट. (ती मशीनं निन्टेन्डोच्या जुन्या फॅमिकॉमची नक्कल होती, हे मला कॉलेजात कळलं. आणि ९९९९ पैकी खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हे मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं.)

मला हा प्रश्न समजावला तो काकांनी, आणि काकांनी आयुष्यात कन्सोलला हात लावलेला नाही. रामबागेकडे त्यांचं मंगल कार्यालय होतं. जागा भाड्याची, चालवायचे ते. मुलाखतीच्या रात्री जेवायला आले होते, माझं तोंड बघून म्हणाले, "काय झालं बेटा?" मी प्रश्न सांगितला. कन्सोल म्हणजे काय ते सांगितलं. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो डबा बनवतात, त्यावर स्वतःचे गेम चालवतात, आणि बाहेरच्या कंपन्यांचेही. काका हसायला लागले. "अगं, हे तर माझंच झालं की! डबा म्हणजे हॉल. त्यांचे स्वतःचे गेम म्हणजे माझा स्वयंपाक. आणि बाहेरच्या कंपन्या म्हणजे बाहेरचे केटरर."

आणि मग त्यांनी विचारलं, "बाहेरचा केटरर आला की रॉयल्टी घेतात का ते?"

घेतात. साधारण शंभरातले तीस. एपिक ही गेम कंपनी आणि ॲपल यांच्यात २०२१ मध्ये अमेरिकेत खटला चालला, तेव्हा एक्सबॉक्सच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलच्या, अधिकाऱ्यांनी शपथेवर सांगितलं की कन्सोलच्या विक्रीत कंपनीनं कधीच नफा कमावलेला नाही. मी मुलाखतीत म्हणाले होते तेच! फक्त मी तिथेच थांबले होते. काका थांबले नाहीत. "हॉलच्या भाड्यात माझंही काही सुटत नव्हतं. लाइट, झाडूवाले, मालकाचं भाडं, सगळं त्यातच जायचं. सुटायचं ते ताटामागे."

टेबलावर कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका पडली होती. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी हिशोब मांडला, तो मी अजून जपून ठेवलाय. आपल्या हॉलमध्ये आपला गेम शंभराला विकला तर शंभर आपले. हॉल सोडला तर दुसऱ्याच्या हॉलमध्ये त्याच गेमचे सत्तर. म्हणजे आधी शंभर ताटं जायची तिथे आता १४३ गेली तर आपण जिथे होतो तिथे. त्यात बाहेरच्या केटररकडून मिळणारे तीस-तीस रुपये तर कायमचे बुडाले, ते भरून काढायला आणखी ताटं. पण दुसऱ्या बाजूला गावातले सगळे हॉल उघडे झाले, आणि हॉल चालवण्याचा खर्च, मोकळ्या तारखा, गळकं छप्पर हे सगळं गेलं. ती दोन पारडी कुठे झुकतील हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. मुलाखतीत एवढं जरी बोलले असते तरी पुरलं असतं.

पत्रिका घडी घालताना काका आणखी एक बोलून गेले. त्यांनी २०२० मध्ये हॉल सोडला, आता नुसतं केटरिंग करतात. "लोक म्हणतात, काकांनी शहाणपणा केला. शहाणपणा कसला! लॉकडाउनमध्ये लग्नं बंद, मालकाचं भाडं चालू. पैसे संपले."

नंतर मी सेगा या जपानी गेम कंपनीचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा हेच वाक्य सारखं आठवत होतं. हा विषय निघाला की दाखला सेगाचाच देतात, आणि बहुतेक वेळा उलटा देतात: बघा, सेगानं डबा सोडला आणि वाचली. सेगानं डबा सोडला नाही, तो तिच्या हातून सुटला. मे १९९५ मध्ये अमेरिकेत सेगानं सॅटर्न हा कन्सोल अचानक, ठरल्या तारखेच्या आधीच ३९९ डॉलरला दुकानात आणला, आणि त्याच वेळी भरलेल्या ई३ या गेमच्या प्रदर्शनात सोनीनं प्लेस्टेशनची किंमत सांगितली: २९९. तिथून घसरण सुरू झाली. नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानमध्ये ड्रीमकास्ट आला. चांगला होता, इंटरनेटसाठी आतच मॉडेम, लोक आजही हळहळतात. पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या मोठ्या केटररनं त्या हॉलमध्ये पाऊलच टाकलं नाही, आणि मार्च २००० मध्ये डीव्हीडी चालवणारा प्लेस्टेशन २ आला. ३१ जानेवारी २००१ ला सेगानं जाहीर केलं की ड्रीमकास्टचं उत्पादन बंद, यापुढे सगळ्यांच्या मशीनवर गेम. सगळे मिळून ९१ लाखांच्या आसपास विकले गेले होते. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःची कोट्यवधी डॉलरची संपत्ती कंपनीला देऊन टाकली आणि त्याच मार्चमध्ये ते गेले. वर्ष संपायच्या आत सेगाचा लाडका नायक सॉनिक निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर धावत होता. ज्या मुलांनी नव्वदीत सॉनिक की निन्टेन्डोचा मारिओ यावरून मारामाऱ्या केल्या असतील, त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. २००४ मध्ये सेगा सॅमी या कंपनीबरोबर एकत्र आली.

म्हणून मी नव्या मुलांना सांगते, कुणी हा प्रश्न टाकला की आधी उलट विचारा: त्या कंपनीकडे आणखी एक डबा काढायला पैसे आहेत का? नसतील तर चर्चेला अर्थ नाही.

पैसे असतील तर दुसरा प्रश्न, आणि इथे निन्टेन्डो कामी येते. वी हा कन्सोल १० कोटींच्या वर विकला गेला आणि त्याच्या पाठीवर आलेला वी यू फक्त १ कोटी ३५ लाखांच्या घरात. २०१३-१४ मध्ये शेअर बाजारातले लोक कानीकपाळी ओरडत होते, डबा सोडा, मारिओ मोबाइलवर आणा. तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०१४ मध्ये स्वतःचा पगार काही महिन्यांसाठी निम्मा केला, पण डबा सोडला नाही. मोबाइलवर मारिओ आला २०१६ मध्ये, तोपर्यंत इवाता गेलेले होते. मार्च २०१७ मध्ये स्विच आला आणि तो १५ कोटींच्या पुढे गेला. आपल्याकडे निन्टेन्डो अधिकृतपणे विकत नाही, तरी जेल रोडला विचाराल तर बाहेरून आलेला मिळतो.

पण मला आकड्यांपेक्षा भट्टीची गोष्ट महत्त्वाची वाटते. काकांच्या हॉलमध्ये जिलबीची भट्टी त्यांनी स्वतः बांधून घेतली होती, पंगतीला पाठ लागून, म्हणजे कढईतून काढलेली जिलबी चौथ्या मिनिटाला पानात. आता दुसऱ्याच्या हॉलमध्ये भट्टी मागच्या गल्लीत, तीही रात्री आठला बंद. जिलबी तीच, पण पानात येईतो मऊ. निन्टेन्डोचं तसंच आहे. वीचा तो हातात धरून फिरवायचा रिमोट आणि त्याबरोबरचा टेनिसचा, बोलिंगचा गेम हे एकमेकांसाठी बनले होते. मारिओ ६४ आणि १९९६ च्या निन्टेन्डो ६४ वरची अंगठ्यानं फिरवायची काडी, तेच. ज्या कंपनीच्या स्वयंपाकाला स्वतःची भट्टी लागते तिनं हॉल सोडू नये, असं माझं मत.

मायक्रोसॉफ्टचं मात्र उलट. तिचे गेम आधीपासूनच विंडोजवर चालतात, कुठल्याही शेगडीवर शिजतात. ६८.७ अब्ज डॉलर देऊन ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतल्यावर (व्यवहार ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरा झाला) तर तिचं स्वयंपाकघर हॉलपेक्षा मोठं झालं. २०२४ ची ती चार नावं छोटी होती, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलोसुद्धा प्लेस्टेशनवर येणार म्हणून जाहीर झालं, आणि हेलो म्हणजे एक्सबॉक्सच्या देव्हाऱ्यातला गणपती. तिनं डबा पूर्ण सोडला तर मला नवल वाटणार नाही. सोनीबद्दल लिहीत नाही, ती आज बिनघोर आहे.

आता नोकरीचं. नंतर नोकरी मला विजय नगरमधल्या एका छोट्या ऑफिसात लागली, बाहेरच्या कंपन्यांचे गेम तपासून द्यायचं काम. कराराची सही असल्यामुळे गेमची नावं सांगता येत नाहीत, आणि तुम्हीही मुलाखतीत कधी आधीच्या कामाची नावं फुशारकीनं सांगू नका, तिथेच विकेट पडते. माझा पहिला बग रिपोर्ट होता: "गेम कधीकधी अडकतो." टीमच्या लीडनं परत पाठवला, खाली एकच ओळ: "कधीकधी म्हणजे कधी?"

मग शिकले. एक उदाहरण देते. लोडिंगची पट्टी चालू असताना, अर्ध्याच्या थोडं पुढे गेली की कंट्रोलर बंद करायचा. गेम सुरू झाल्यावर "कंट्रोलर जोडा" असा संदेश यायला हवा आणि गेम थांबायला हवा. आमच्याकडे दहापैकी तीन वेळा संदेश आलाच नाही. नायक बिचारा उभा, समोरून शत्रू येऊन त्याला मारून जातात. पट्टी साधारण कुठे होती, कंट्रोलर कसा बंद केला, दहात किती वेळा, व्हिडिओ. असा रिपोर्ट लिहायला मला पूर्ण दुपार लागली होती. हे आम्ही उगाच करत नाही. प्रत्येक कन्सोलवाल्याची स्वतःची नियमावली असते; सोनीची टीआरसी, मायक्रोसॉफ्टची एक्सआर, आणि निन्टेन्डोकडे लॉटचेक नावाची तपासणी. बटणाचं नाव त्यांच्या शब्दांत हवं, सेव्ह करताना चिन्ह दिसायला हवं. त्यात नापास झालात तर गेम परत. म्हणजे ज्या कंपनीनं कालपर्यंत नियम लिहिले, तिनं डबा सोडला की ती उद्या दुसऱ्याच्या खिडकीसमोर फॉर्म घेऊन रांगेत उभी. काकांची आठची भट्टी.

आणि एक कबुली. कंपन्यांनी आपले गेम सगळीकडे द्यायला सुरुवात केली की एकच गेम तीन-चार मशीनवर तपासावा लागतो, म्हणजे आमचं काम वाढतं. तेव्हा माझं मत जरा तोलूनच घ्या.

घरबसल्या तयारी कशी करायची? कन्सोलची डेव्हलपमेंट किट, म्हणजे गेम बनवायची-तपासायची खास मशीनं, अशी कुणालाही मिळत नाहीत, ऑफिसातही ती कुलपात असतात. त्यामागे लागू नका. गोडो किंवा युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लहानसा गेम करा, कंट्रोलर जोडून तो चालतो का बघा, मध्येच कंट्रोलर काढा आणि काय होतं ते लिहा. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात एक गेम ठेवायला १०० डॉलर लागतात. पहिल्याच गेमसाठी ते घालवायची मुळीच गरज नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आधी स्विचवर आला, तो खेळून बघा, आपल्याकडचे लोक कुठवर जातात ते कळतं. आणि आकडे मूळ ठिकाणी वाचा. निन्टेन्डो आपल्या साइटवर प्रत्येक मशीनचा एकूण खप देते. मायक्रोसॉफ्टनं २०१५ पासून एक्सबॉक्स किती विकले हे सांगणंच थांबवलं, पण तिमाही अहवालात हार्डवेअरची कमाई आणि गेम-सेवांची कमाई वेगवेगळी वरखाली होताना दिसते. ती दोन वाक्यं तीन-चार तिमाहींची शेजारी मांडली तर मुलाखतीत बोलायला भरपूर होतं.

मोठे स्टुडिओ पुणे, बंगळूर, हैदराबादला आहेत हे खरं, पण इंदूरला राहून सुरुवात करता येते. फक्त पाळी रात्रीची असते, कारण साहेब अमेरिकेत. आई पहिले सहा महिने रोज धास्तावलेली असायची. मग एकदा काकाच ऑफिसातून न्यायला आले, एक वाजत आला होता, आणि घरी जायच्या ऐवजी त्यांनी स्कूटर सराफ्याकडे, रात्रीच्या खाऊच्या बाजाराकडे, वळवली. भुट्ट्याचा कीस खात उभे होतो तेव्हा म्हणाले, "बघ, यांना ना हॉल लागतो ना पंगत." आणि दुकानदाराला विचारलं, "भिया, इस जगह का किराया कितना देते हो?"