लहानपणीच्या अ‍ॅनिमेशनपटांत दडलेले अर्थ कसे शोधायचे, कसे तपासायचे

कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या सिनेमात टेबलावरचा कप कधीकधी नुसता तिथे राहून गेलेला असतो. अ‍ॅनिमेशनमध्ये तसं होत नाही. तो कप कुणीतरी काढलेला असतो, त्याचा रंग ठरवलेला असतो, टेबलाच्या कोणत्या कडेला ठेवायचा यावरही विचार झालेला असतो. म्हणून लहानपणी पाहिलेले हे चित्रपट मोठेपणी पुन्हा बघताना एवढं काही हाती लागतं. पण ठरवून काढलेली प्रत्येक गोष्ट संदेशच असते असं नाही. ती कधी काम वाचवण्यासाठी केलेली सोय असते, कधी स्टुडिओतल्या लोकांची आपसातली गंमत असते आणि कधी खरोखर कथेचा भाग असते. सापडलेली गोष्ट या तिन्हींपैकी कशात बसते ते ओळखणं हेच या कामातलं खरं कौशल्य आहे.

आधी प्रत नीट निवडा

लहानपणी टीव्हीवर किंवा व्हीसीडीवर पाहिलेली प्रत पुराव्यासाठी चालत नाही. जुन्या टीव्हीचा पडदा ४:३ मापाचा होता, त्यामुळे रुंद चित्रपटांच्या दोन्ही कडा बऱ्याचदा कापल्या जात. कडेला उभं असलेलं पात्र त्यात गायब होतं आणि 'तो एकटाच होता' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दुसरी अडचण वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो. आपल्याकडच्या पाल (टीव्ही प्रक्षेपणाची एक पद्धत) पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बहुधा २५ च्या वेगाने धावतो, म्हणजे सुमारे ४ टक्के लवकर संपतो. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत आटोपतो. म्हणून 'एक्केचाळिसाव्या मिनिटाला बघा' असं कुणी सांगितलं तर त्याची प्रत कोणती, हे आधी विचारा.

शिवाय काही चित्रपट नंतर बदललेही गेले आहेत. 'द लायन किंग' (१९९४) नंतरच्या आवृत्त्यांत जसाच्या तसा राहिलेला नाही. एका गाण्यातल्या मगरी नव्याने काढल्या गेल्या, एक गाणं वाढवलं गेलं. त्यामुळे वहीत चित्रपटाच्या नावाशेजारी आवृत्तीचं वर्ष लिहायची सवय लावा.

साधनं

व्हीएलसी प्लेअर पुरेसा आहे. इंग्रजी 'ई' ची कळ एकदा दाबली की चित्र एक फ्रेम पुढे सरकतं. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक फ्रेम मागे. अंधाऱ्या दृश्यात काय आहे ते बघायचं असेल तर व्हीएलसीच्या व्हिडिओ इफेक्ट्समध्ये जाऊन गॅमा (अंधारा भाग उजळवणारी सोय) थोडा वाढवा. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) या जपानी चित्रपटाचं पोस्टर असंच उजळून बघितलं, की काजव्यांच्या वर काळोखात बॉम्बफेकी विमानाची आकृती दिसते. बहिणीबरोबर काजव्यांत रमलेल्या मुलाचं ते चित्र मग एकदम वेगळं होऊन जातं.

गॅमा मात्र जपून वाढवा. कमी दर्जाच्या व्हिडिओत अंधार उजळला की चौकोनी ठिपके वर येतात आणि त्यांत चेहरे, अक्षरं, काहीही दिसू लागतं. १०८० पेक्षा कमी दर्जाच्या फाइलवरून पार्श्वभूमीतल्या बारीक गोष्टीबद्दल काही ठरवू नका. स्ट्रीमिंग अ‍ॅपवर स्क्रीनशॉट बऱ्याचदा काळा येतो. ती कॉपी-संरक्षणाची व्यवस्था आहे. तिथे मोबाइलने पडद्याचा फोटो काढून रंगांवर बोलू नका, कारण फोनचा कॅमेरा रंग स्वतःच्या हिशोबाने बदलतो. डोळ्यांनी बघा आणि शब्दांत लिहा.

तीनदा बघायचं

पहिल्यांदा न थांबता, सलग, शेवटच्या नामावलीपर्यंत. या वेळी काही शोधू नका. फक्त कुठे अस्वस्थ वाटलं, कुठे गळा दाटला, त्या जागांची वेळ टिपून ठेवा. त्या जागी काहीतरी घडवलेलं असतं.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून. आता आकार, रंग, उंची आणि अंतर एवढंच बघायचं. दर पाच मिनिटांनी एक चित्र टिपा. ९५ मिनिटांच्या चित्रपटाची साधारण १९ चित्रं होतात. ती नखाएवढी करून एका ओळीत लावली की रंगांचा प्रवास डोळ्यांसमोर येतो. स्टुडिओत चित्रपट बनवण्याआधी असाच पट्टा रंगवतात, त्याला कलर स्क्रिप्ट म्हणतात. तुम्ही तो उलट्या बाजूने काढताय.

तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकायचं. कोणती धून परत येते आणि ती कोणाच्या वेळी येते, ते लिहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच सगळ्यात जास्त गमावतात.

'अप' (२००९) घेऊन हे करून बघा, कारण त्यात तिन्ही पायऱ्यांचं उत्तर स्वच्छ मिळतं. घराला फुगे बांधून ते उडवणारा म्हातारा नायक कार्ल चौकोनी आहे. डोकं चौकोनी, चष्मा चौकोनी, बसायची खुर्चीही चौकोनी. त्याची बायको एली, तिचं सगळं गोलाईचं, तिची खुर्चीसुद्धा. ती गेल्यानंतर त्या घरात गोलाई उरते ती वस्तूंमध्ये. म्हणून पुढे कार्ल घर पुन्हा उडावं यासाठी सामान बाहेर टाकतो, तेव्हा त्या दोन खुर्च्या कशा ठेवल्या जातात तिथे थांबा. रंगांच्या पट्ट्यात एलीबरोबरची वर्षं उजळ, नंतरची करडी दिसतात. मग फुगे सुटतात आणि त्यांचे रंग एका अनोळखी मुलीच्या खोलीच्या भिंतीवर पडतात. त्या मुलीचं कथेत काहीच काम नाही. कार्लच्या आयुष्यात रंग परतले हे सांगायला तिची खोली तिथे काढली आहे. आणि कान देऊन ऐकलं तर, लग्नानंतरच्या आयुष्याच्या चार-एक मिनिटांच्या निःशब्द भागात वाजलेली धून पुढे कार्ल एलीची वही उघडतो तेव्हा पुन्हा येते. तिथे एकही शब्द लागत नाही.

याला आम्ही पक्का अर्थ म्हणू. गोष्ट वेगवेगळ्या दृश्यांत निदान तीनदा येते, कथेला वळण मिळतं तेव्हा ती बदलते, आणि चित्रपटातलं काहीही तिच्या विरोधात जात नाही. एकदाच दिसलेल्या वस्तूवर इमारत उभी करू नका.

गंमत आणि अर्थ

पिक्सार या अमेरिकन अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या चित्रपटांत 'ए११३' शोधणं हा अनेकांचा छंद आहे. 'टॉय स्टोरी' (१९९५) मध्ये अँडीच्या आईच्या गाडीवर, 'वॉल-ई' (२००८) मध्ये यानाला मिळालेल्या गुप्त आदेशाच्या नावात, 'ब्रेव्ह' (२०१२) मध्ये चेटकिणीच्या दारावर रोमन अंकांत. हा कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समधल्या एका वर्गाचा क्रमांक आहे. तिथे अ‍ॅनिमेशन शिकलेले बरेच जण पुढे या स्टुडिओंत गेले. म्हणजे ही शाळेची आठवण झाली, कथेचा धागा नव्हे. 'मॉन्स्टर्स, इन्कॉर्पोरेटेड' (२००१) मध्ये बू ही छोटी मुलगी सली या राक्षसाला खेळणी देते, त्यांत नेमो मासा आहे. नेमोचा चित्रपट आला २००३ मध्ये. स्टुडिओत पुढच्या चित्रपटाचं काम आधीच चालू होतं, हे त्याचं साधं कारण. 'सगळे चित्रपट एकाच जगात घडतात' असा सिद्धांत अशा खुणांवर बांधला जातो. बांधणाऱ्यांची मेहनत मोठी असते, पण पाया गमतीचा आहे.

सीमेवरची उदाहरणंही असतात. 'टॉय स्टोरी' मधल्या सिडच्या घरातल्या गालिच्याची नक्षी 'द शायनिंग' (१९८०) या भयपटातल्या हॉटेलच्या गालिच्यासारखी आहे. ही गंमत आहेच, पण ज्याने तो भयपट पाहिलाय त्याला हे घर धोक्याचं आहे हेही आपोआप कळतं. अशा वेळी वहीत दोन्ही लिहा.

अफवा तपासताना

'माय नेबर तोतोरो' (१९८८) बद्दलची अफवा तुम्ही ऐकली असेल: तोतोरो हा मृत्यूचा देव आहे, शेवटी मुलींना सावल्या नाहीत, म्हणजे त्या मेलेल्या आहेत. ही तपासायची रीत अशी. आधी दावा एका वाक्यात लिहा. मग तो खरा असता तर चित्रपटात आणखी काय दिसायला हवं होतं ते लिहा. मग ते शोधा. इथे शेवटची नामावली बघितली तरी काम होतं: आई घरी परतते, मुलींबरोबर राहते, मुली इतर मुलांत खेळतात. अफवा पसरवणाऱ्यांनी चित्रपट नामावलीआधीच बंद केलेला असतो. हा चित्रपट बनवणाऱ्या जिब्ली स्टुडिओनेही २००७ मध्ये हा दावा नाकारला. सावल्यांचं कारण त्यांनी एवढंच सांगितलं की त्या दृश्यांत त्या गरजेच्या वाटल्या नाहीत.

चित्रपटात खरं दुःख आहे, आणि ते समोरच आहे. आई दीर्घ आजाराने रुग्णालयात आहे. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या स्वतःच्या आईला मणक्याचा क्षयरोग होता आणि त्यांचं बालपण त्या आजारपणाच्या छायेत गेलं. हे माहीत असलं की मोठी बहीण एकदम रडते तो प्रसंग समजायला मृत्युदेवाची गरज उरत नाही.

'द लायन किंग' मध्ये नायक सिंह सिंबा कड्यावर अंग टाकतो तेव्हा उडणाऱ्या धुळीत आक्षेपार्ह इंग्रजी शब्द दिसतो, हा गाजलेला आरोप. ती अक्षरं 'एसएफएक्स', म्हणजे स्पेशल इफेक्ट्स विभागाची सही होती, असं स्पष्टीकरण दिलं गेलं, आणि पुढच्या आवृत्तीत ते दृश्य बदललं गेलं. काय वाचायचं ते आधी कानावर पडलं, की डोळे तेच वाचतात. म्हणून दुसऱ्याला दाखवताना आधी सांगू नका. फक्त विचारा, 'काय दिसतंय?'

सगळेच आरोप खोटे असतात असंही नाही. 'द रेस्क्यूअर्स' (१९७७) च्या होम व्हिडिओ प्रतीत पार्श्वभूमीत दोन फ्रेमपुरतं एक अश्लील छायाचित्र होतं. जानेवारी १९९९ मध्ये डिस्नेने ३४ लाख प्रती परत मागवल्या. दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. चालत्या चित्रात तो कुणालाच दिसला नसता. फ्रेम-फ्रेमने बघणं लागतं ते अशा ठिकाणी.

काळ आणि जागा

सगळ्यात समृद्ध अर्थ इथे सापडतात. चित्रपट कोणत्या वर्षी, कोणत्या देशात बनला ते लिहा आणि त्याआधीच्या दहा वर्षांत तिथे काय झालं ते वाचा. 'स्पिरिटेड अवे' (२००१) च्या सुरुवातीला नायिकेचे वडील ओसाड मनोरंजन-नगरी बघून म्हणतात की नव्वदच्या सुमारास अशा खूप बांधल्या गेल्या आणि अर्थव्यवस्था कोसळल्यावर बंद पडल्या. मग ते परक्यांच्या दुकानात बिनदिक्कत खायला बसतात, कारण खिशात पैसे आणि क्रेडिट कार्ड आहे, आणि त्यांचं डुक्कर होतं. जपानच्या तेजीचा फुगा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फुटला होता. पुढे घाणीने भरलेल्या नदीदेवाच्या अंगातून सायकल निघते. मियाझाकी स्वतः एका नदीच्या सफाईत सामील झाले होते आणि तिथे सायकल ओढून काढली गेली होती. नायिकेला मदत करणारा हाकू हा नदीचा देव आहे, आणि त्याची नदी बुजवून तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या आहेत. हाव आणि बुजलेल्या नद्या हे सूत्र पहिल्या काही मिनिटांपासून शेवटापर्यंत तुटत नाही, आणि ते सगळं पात्रांच्या तोंडीच आहे. 'द लायन किंग' मध्ये खलनायक स्कारसमोरून तरसांची फौज पाय ताठ उचलत जाते, तेही असंच: ते दृश्य १९३५ च्या नाझी प्रचारपटावरून घेतलं आहे.

डबिंगचा पडदा

लहानपणी आपण हिंदीत ऐकलं, हे विसरू नका. दूरदर्शनवरच्या जपानी 'जंगल बुक' मालिकेला नाना पाटेकरांनी शेरखानचा आवाज दिला होता आणि शीर्षकगीत गुलजारांचं होतं. आपल्या मनातला शेरखान बराचसा त्या आवाजाने घडला आहे. त्याच्या दराऱ्याचा अर्थ लावून जपानी चित्रकारांच्या नावावर लावता येत नाही. कोणताही संवाद पुरावा म्हणून वापरायचा तर मूळ भाषेतला ऐका आणि डबिंगचे नाही, तर मूळ संवादांचे सबटायटल लावा. दोन्हींत फरक सापडला तर तो स्वतंत्रपणे लिहा. तो फरक केला कुणी आणि का, हाही शोधाचा चांगला विषय आहे.

पहिला सराव

दीड तासाच्या चित्रपटाने सुरुवात करू नका. विजया मुळे दिग्दर्शित 'एक अनेक और एकता' (१९७४) घ्या. फिल्म्स डिव्हिजनचा हा छोटा चित्रपट, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. तो साधारण सात मिनिटांचा आहे, त्यामुळे वीस-एक मिनिटांत तिन्ही फेऱ्या होतात. मग पंचतंत्रातली जाळ्यात अडकलेल्या कबुतरांची गोष्ट शेजारी ठेवा. तिथे चित्रग्रीव नावाचा राजा आहे आणि जाळं कुरतडणारा हिरण्यक हा एकटा उंदीर आहे. आधी माझ्या प्रजेचे पाश तोड, मग माझे, असं राजा त्याला सांगतो. चित्रपटातही पक्षी जाळ्यात अडकतात, पण जाळं कापायला उंदरांची फौज येते आणि राजाच्या कर्तव्याची ती बाजू उरलेली नाही. सरकारी संस्थेने १९७४ मध्ये मुलांसाठी काढलेल्या चित्रपटात एकाच्या जागी अनेक का आले असतील, याचं उत्तर आधी स्वतःच्या शब्दांत लिहा. त्याखाली चित्रपटातली तीन दृश्यं वेळेसह लिहून ते उत्तर टिकतं का बघा.