शोधनिबंध नियतकालिकाला पाठवताय? मग या चुका टाळा

मराठीतल्या एका संशोधनपर त्रैमासिकाकडे येणाऱ्या लेखांची पहिली चाळणी माझ्याकडे असते. विषय चांगला असतो, वाचनही दांडगं असतं, आणि तरी फाइल उघडली की कपाळावर हात मारायची वेळ येते. मजकुराचं बरंवाईट समीक्षक ठरवतील. मी बोलतोय ते त्याआधीच्या गोष्टींबद्दल. त्यातली एकही नवी नाही, आणि दर अंकाला त्या सगळ्या पुन्हा समोर येतात.

पहिला मान फाँटचा. श्रीलिपीचे जुने फाँट, शिवाजी, किरण यांत टाइप केलेली फाइल तुमच्या संगणकावर सुरेख दिसते, कारण तिथे तो फाँट बसवलेला आहे. या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फाँट नसलेल्या संगणकावर ते आकार निघून जातात आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो. त्यामुळे नियमावलीत 'युनिकोडमध्येच पाठवा', म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी म्हणूनच ओळखू येणाऱ्या सांकेतिक पद्धतीत पाठवा, असं ठळक छापलेलं असतं. मग लेखक काय करतो? पाठवायच्या आदल्या रात्री नेटवरचा फुकटातला कन्व्हर्टर शोधतो, अख्खा लेख त्यात ओततो आणि जे बाहेर पडेल ते न वाचता जोडतो.

युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात: आधी 'क', मग त्याची वेलांटी. जुन्या फाँटांत दिसण्याचा क्रम चालतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि रफार अक्षरानंतर. कन्व्हर्टरने ही अदलाबदल नीट केली नाही, की 'किती'चं 'िकती' होतं आणि 'धर्म'चं 'धमर्'. जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलून चिकटवला तरी बहुधा हेच होतं.

'धमर्' निदान डोळ्यांना खुपतो, दुरुस्त करता येतो. खरी पंचाईत उताऱ्यांत होते. पोथीतला किंवा बखरीतला उतारा असेल तर त्यातले ऱ्हस्व-दीर्घ मुळातच आजच्यासारखे नसतात. तिथे कन्व्हर्टरची चूक कुठली आणि मूळ पाठ कुठला, हे संपादकाने कसं ओळखायचं? समीक्षकही बिचारा तोच पाठ खरा धरून चालतो. म्हणून माझा आग्रह असा, की बाकीचा लेख हवा तर कन्व्हर्ट करा, पण प्रत्येक उतारा मूळ पुस्तक समोर ठेवून हाताने पुन्हा टाइप करा. कंटाळवाणं आहे, मान्य. ज्याला चार पानांचे उतारे टाइप करायचा कंटाळा येतो, त्याने ते बारकाईने वाचले असतील यावर माझा विश्वास बसत नाही. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक शिकलात तर उत्तम, नाहीतर इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टाइप करायचं फोनेटिक चालेल. मंगल, कोकिळा की यशोमुद्रा, ही चर्चा मात्र सोडून द्या. युनिकोड असला की पुढचं आम्ही बघून घेतो.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे 'रिप्लेस ऑल'.

वारकरी संतांवरचा एक लेख आमच्याकडे आला होता. लेखकाने तळटिपांत कुठे 'पान', कुठे 'पृष्ठ' असं लिहिलं होतं. सगळीकडे एकच शब्द ठेवा, असं त्याला कळवलं. सूचना साधी होती. त्याने फाइंडमध्ये 'पान' टाकलं, रिप्लेसमध्ये 'पृष्ठ' टाकलं आणि रिप्लेस ऑल दाबून तासाभरात 'दुरुस्त प्रत' परत पाठवली. इतक्या चपळाईने आलेली दुरुस्ती पाहून कोणीतरी खूश होऊन ती तशीच समीक्षकांकडे धाडली. समीक्षकांचं पत्र आलं. त्यात लेखाबद्दल दोन ओळी, आणि खाली एकच प्रश्न: 'हे सोपृष्ठदेव कोण?' ज्ञानदेवांच्या धाकट्या भावाचा लेखभर असा उद्धार झाला होता. शेवटच्या परिच्छेदात जपानमधल्या अभ्यासकांचा उल्लेख होता. ते 'जपृष्ठ'मधले झाले होते. लेख बाद झाला नाही, पण पुढच्या फेरीत समीक्षकांनी प्रत्येक टीप तपासली आणि मग जे सापडायचं ते सापडलं.

याचाच भाऊ म्हणजे विसर्ग. अनेक जण 'दुःख' लिहिताना विसर्गाच्या जागी विरामचिन्हाचे दोन ठिपके देतात. कोणीतरी ते दाखवून दिलं की रिप्लेस ऑल. मग संदर्भसूचीत 'पुणे :' या प्रकाशनस्थळाला विसर्ग लागतो आणि मजकुरातल्या कंसांत सालानंतरही विसर्ग. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून ते प्रूफापर्यंत लपून राहतं.

'पूर्ण शब्दच शोधा' हा पर्याय लावा, असं हुशार मंडळी सांगतात. पण मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतो. 'पानावर', 'पानांत' मग हाती लागत नाहीत. मी एकेक जागा बघून, 'फाइंड नेक्स्ट' करत जातो. तीस पानांच्या लेखाला फार तर अर्धा तास लागतो.

आता 'तत्रैव', म्हणजे 'त्याच ठिकाणी', आधीच्या टिपेतलाच संदर्भ. टीप क्रमांक चारमध्ये राजवाडे, पाचमध्ये 'तत्रैव', सगळं नीट. मग समीक्षक सांगतात की अमुक परिच्छेद वर घ्या. तो वर जातो, त्याच्याबरोबर केतकरांची टीप चार आणि पाचच्या मध्ये येऊन बसते. वर्ड टिपांचे आकडे आपोआप बदलतो, पण 'तत्रैव' कोणाकडे बोट दाखवतंय हे त्याला कळत नाही. राजवाड्यांचं मत केतकरांच्या नावावर छापलं जातं. संदर्भ देण्याच्या शिकागो शैलीच्या २०१७च्या सतराव्या आवृत्तीनेही याच्या 'इबिड' या इंग्रजी भावंडाऐवजी आडनाव आणि त्रोटक शीर्षक द्यायला सुचवलं आहे. मी तर मसुद्यात 'तत्रैव' लिहूच देत नाही. प्रत्येक टिपेत आडनाव, छोटं शीर्षक, पृष्ठ. नियतकालिकाला हवंच असेल तर अगदी शेवटच्या प्रतीत घाला. आणि टिपांचे आकडे हाताने टाकून, वर उचलून, बारीक करून बसवू नका. वर्डमध्ये त्यासाठी सोय आहे, कंट्रोल-ऑल्ट-एफ दाबायचं.

सूचीत साल देताना शीर्षकपृष्ठाच्या मागचं पान नीट वाचा. जुन्या पुस्तकांवर शके असतो, त्यात ७८ मिळवायचे. शके १८००ची कादंबरी सूचीत नुसती '१८००' म्हणून आली, तर नाना फडणवीस गेले त्या वर्षी मराठीत कादंबरी निघत होती असा त्याचा अर्थ होतो! हातात पुनर्मुद्रण असेल तर पहिल्या आवृत्तीचं साल आणि तुमच्या प्रतीचं साल दोन्ही द्या.

एमएलए आणि एपीए या संदर्भ देण्याच्या दोन शैलींची खिचडी नको. एपीएत साल लेखकाच्या नावालगत येतं, एमएलएत नोंदीच्या शेवटाकडे. गोंधळ वाटला तर त्या नियतकालिकाचा ताजा अंक घ्या, त्यातल्या एखाद्या सूचीतल्या नोंदी जशाच्या तशा उतरवून काढा, हाताला वळण लागतं.

सारांश म्हणजे प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद नव्हे.

परिच्छेदाच्या सुरुवातीची जागा स्पेसबार ठोकून करू नका.

लेखकाचं नाव लपवून समीक्षण होत असेल तर नाव फक्त पहिल्या पानावरून खोडून भागत नाही. ते फाइलच्या नावात असतं, फाइलच्या माहितीत असतं, आणि 'प्रस्तुत लेखकाने आपल्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे' या वाक्यातही असतं. वर्डमध्ये 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' एकदा चालवा. त्याने गाईडच्या शेऱ्यांचाही निकाल लागेल. 'हे कुठून उचललंस?' असा शेरा समासात तसाच ठेवून आलेले लेख मी वाचले आहेत.

पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी लेख छापून आलाच पाहिजे, ही विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) सक्ती २०२२च्या नियमांत गेली. मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादीही फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने बंद केली. तरी 'सर, याच अंकात येईल ना?' हा फोन काही बंद झालेला नाही. अंक छापखान्यात गेल्यावर दुरुस्त प्रत पाठवणारेही हेच.

पाठवताना वर्डच्या फाइलबरोबर तिचीच पीडीएफ जोडा. माझ्याकडे एखादं जोडाक्षर फुटलं तर तुम्हाला काय लिहायचं होतं ते पीडीएफवरून समजतं. मोडी कागदाचे फोटो वर्डमध्ये चिकटवू नका, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून तर मुळीच नको, तिथे ते आकसतात. मूळ फाइल स्वतंत्र पाठवा, तिला आकृतीचा क्रमांकच नाव म्हणून द्या, आणि ज्या दप्तरखान्यातून कागद मिळाला त्यांची छापण्याची परवानगी सोबत जोडा.