कॉम्प्युटर तापतो, मध्येच रीस्टार्ट होतो? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे सरकला की घरोघरी एकच निदान होतं: ‘डबा तापी गया भाऊ!’ मग कॅबिनेटचं झाकण निघतं, शेजारी टेबलफॅन येतो. कधी गुण येतो, बऱ्याचदा येत नाही. कारण आपल्याकडे उन्हाळ्यात हवा आणि लाइट दोन्ही एकदमच बिघडतात, आणि रीस्टार्टचं खापर मात्र उन्हावर फुटतं. दोष कोणाचा हे आधी ठरवा, पाकीट नंतर उघडा.

तापलेला प्रोसेसर एकदम दगा देत नाही. आधी तो स्वतःचा वेग कमी करतो. पंखा घोंघावतो, व्हिडिओ अडखळतो. तरी ताप उतरला नाही तर मशीन बंद पडतं, आणि लगेच चालू केलं तर पहिल्यापेक्षा लवकर बंद पडतं. याउलट साधं वर्डमध्ये टाइप करताना, कसलीही चाहूल न लागता पडदा काळा होऊन पुन्हा लोगो दिसला, तर आधी लाइटीकडे बघा. त्याच क्षणी फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू झाली का?

हात लावून ‘गरम लागतंय’ म्हणणं ही मोजणी नव्हे. एचडब्ल्यूमॉनिटर किंवा एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते टाका. जोराच्या कामात आकडा ८० च्या आसपास असेल तर घाबरू नका. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंश असते. आणि हिशोब खोलीच्या तापमानावर असतो, हे विसरू नका. पंखा खोलीतलीच हवा फेकतो, तो काही एसी नाही. २८ अंशांच्या खोलीत ६८ दाखवणारा प्रोसेसर स्लॅबखालच्या ४२ अंशांच्या खोलीत, तेच काम करताना, ८२ च्या जवळ जाणार. म्हणून हिवाळ्यात बिनतक्रार चालणारं मशीन मेमध्येच रडतं.

साफसफाईतल्या चुका

भाव चढेल म्हणून कापूस घरातच रचून ठेवायची आपली रीत. त्याची तूस, म्हणजे उडणारे बारीक तंतू, कॉम्प्युटरला धुळीपेक्षा वाईट. प्रोसेसरवरचा पंखा हवा खाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर ढकलतो; तूस त्या दोघांच्या मध्ये अडकते आणि नमद्यासारखा थर जमतो. वरून बघाल तर पंखा छान फिरतोय, पाती स्वच्छ. खाली हवा जातच नाही. झाकण काढून वरवर फुंकणाऱ्यांना हा थर कधीच दिसत नाही. पंखा सोडवा, थर चिमटीने उचला, मग ब्रश फिरवा.

ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा; वाऱ्याने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर नको, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याने स्थिर वीज तयार होते.

हीटसिंक उचलला की जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावावीच लागते. वाटाण्यापेक्षा लहान थेंब पुरे. ‘जास्त लावली की जास्त थंड’ असं नसतं. इंटेलच्या प्रोसेसरसोबत मिळणाऱ्या जुन्या बॉक्स कूलरला (पंखा आणि हीटसिंकच्या जोडीला) चार काळ्या प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांनी दाबायच्या. एक जरी नीट बसली नाही तरी हीटसिंक तिरका राहतो आणि नवी पेस्ट लावूनही आकडा वरच. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम४ जातीच्या मदरबोर्डवर उलटी भानगड: वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरच हीटसिंकला चिकटून बाहेर येतो, पिना वाकतात. म्हणून आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करा, बंद करून प्लग काढा, हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, मग उचला.

खोलीतल्या पाण्याच्या कूलरबद्दल एक. खोलीत कूलर लावा, जरूर लावा, पण झोत कॅबिनेटवर नको. ओल्या हवेने धूळ चिकट होते आणि बोअरच्या जड पाण्याचे तुषार बोर्डवर पांढरे डाग सोडतात. खिडकीही उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो.

लाइटीचा दोष उन्हावर नको

यूपीएसची बॅटरी उन्हात लवकर मरते. लाइट असताना हिरवा दिवा लागतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. चालू काम सेव्ह करा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. कॉम्प्युटर तिथल्या तिथे गेला तर बॅटरी बदला, प्रोसेसरला बोल लावू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग तपासून घ्या. हे काम वायरमनचं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोक नवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आणायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की विंडोज नीट बंद झालं नव्हतं. कारण ती सांगत नाही. त्याऐवजी सिस्टीम प्रॉपर्टीजमधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची खूण काढा. पुढच्या वेळी विंडोजची चूक दाखवणारा निळा पडदा थांबून राहिला तर संशय रॅम किंवा ड्रायव्हरवर. निळा पडदा न येताच मशीन गेलं तर लाइट, एसएमपीएस किंवा ताप.

आणि ‘विंडोज मारून घ्या’ हा सल्ला सगळ्यात शेवटी. तूस अडकलेला हीटसिंक फॉरमॅटने मोकळा होत नाही.

एसएमपीएसवर संशय आला तर कुणाचा चांगला चालणारा मागून लावून बघा. तो उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या छोट्या डबीत) वीज राहते. मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघायला हरकत नाही: डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा तपकिरी रस सुटलेली दिसली तर पेस्ट-पंख्यावर आणखी पैसे घालू नका, बोर्डच दुरुस्तीला न्या आणि त्याआधी फोटो-कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढून ठेवा.