उसाच्या ट्रेलरचे नट-बोल्ट ढिले पडू नयेत म्हणून

निपाणी-चिकोडीपासून अथणी-कागवाडपर्यंत गळीत हंगामात ट्रेलरचे बोल्ट ढिले पडायला लागले की बहुतेक जण आणखी एक स्प्रिंग वॉशर घालतात. त्याचा उपयोग होत नाही. नट पूर्ण आवळला की वॉशर सपाट होतो आणि बोल्टच्या ताणापुढे त्याचा जोर नगण्य ठरतो.

खरं कारण वेगळं आहे. खड्ड्यात हिसका बसला की जोडलेल्या दोन प्लेटा एकमेकींवर आडव्या सरकतात. त्या क्षणी आट्यांमधली पकड सुटते आणि नट थोडा थोडा उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या इंजिनिअरने १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. म्हणून प्लेटा सरकणारच नाहीत इतका दाब पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

हुकाच्या प्लेटचा १६ मिमीचा बोल्ट घ्या. डोक्यावर ८.८ (ही बोल्टच्या ताकदीची खूण) लिहिलेलं पाहूनच घ्यायचा, बिनखुणेचा नको. दोन्ही प्लेटांच्या तोंडावरचा रंग आणि गंज खरवडून काढा. रंगाचा थर काही दिवसांत दबतो, बोल्टचा ताण तेवढाच उतरतो, आणि नट हललेला नसतानाही जोड सैल होतो! दोन्ही बाजूंना कडक सपाट वॉशर घाला. भोक लांबट झालं असेल तर ते वेल्डिंगने भरून नव्याने पाडा.

आवळायला टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) असेल तर कोरड्या आट्यांना साधारण २०० न्यूटन-मीटर. नसेल तर दोन फुटी पान्याच्या टोकाला ३३ किलोच्या आसपास जोर. आट्यांना ग्रीस लावलं असेल तर तेवढ्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून जोर कमी करा.

आता लॉक. निळा थ्रेडलॉकर (आट्यांत सुकून नट धरून ठेवणारं चिकट द्रव) वापरायचा तर आटे आधी थिनरने पुसा, तेलकट आट्यांवर तो नीट धरत नाही. लावल्यावर २४ तास ट्रेलर जोडू नका. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदाच वापरायचा. त्यातून बोल्टचे दोन आटे तरी बाहेर आले पाहिजेत, आणि सायलेन्सरजवळ तो नको, कारण १२० अंशांपुढे नायलॉन टिकत नाही. दोन नट लावायचे तर पातळ नट खाली, जाड वर. पातळ निम्म्या जोराने आवळा, पान्याने धरून ठेवा आणि मग जाड पूर्ण आवळा. हे उलटं लावलेलं फार दिसतं.

चाकाच्या नटांना मात्र तेल नाही, थ्रेडलॉकरही नाही. चाक बसवल्यावर समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा बघा.

शेवटी नटापासून प्लेटपर्यंत पांढऱ्या मार्करने सलग रेघ मारा. रोज कारखान्याच्या रांगेत उभं असताना रेघ बघायची. तुटली असेल तर नुसता नट आवळून निघू नका. बोल्ट काढून भोक, वॉशर आणि आटे तपासा.