रीफ टँकमधले आगंतुक: मारण्याआधी या चुका टाळा

रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या पेटीत, लाइव्ह रॉक (जीव वसलेला समुद्री दगड) टाकून दीड-दोन महिने झाले की संपच्या (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या पेटीच्या) अंधाऱ्या कोपऱ्यात, पंपाच्या मागे, पांढऱ्या इवल्याशा सुरया दिसू लागतात. उंची जेमतेम एक-दीड सेंटिमीटर, तोंडाशी बारीक काट्यांची झालर. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मला ती कसली तरी अंडी वाटली. एक अख्खी रविवार सकाळ घालवून सगळ्या खरवडून काढल्या आणि पंधरा दिवसांत त्या परत हजर!

त्या सुरया म्हणजे सायकॉन स्पंज, दगडाला चिकटून राहणारे साधे समुद्री प्राणी. अंगावरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत ओढायचं, बॅक्टेरियाएवढे कण गाळून खायचे आणि उरलेलं पाणी वरच्या तोंडातून सोडून द्यायचं, एवढाच त्यांचा धंदा. फुकटात मिळालेले फिल्टर मी ब्लेडने काढत होतो. पंपाच्या जाळीत अडकले तर तेवढे पुसावेत, बाकीच्यांच्या वाटेला जाऊ नये. टँक मुरला की त्यांची गर्दी बहुधा आपोआप ओसरते.

स्पंज नुसतं पाणी गाळत नाहीत. कॅरिबियनमधल्या क्युरासाव बेटाजवळच्या स्पंजांवरचं एक संशोधन २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आलं होतं. प्रवाळ आणि शेवाळ पाण्यात जे विरघळलेले सेंद्रिय पदार्थ सोडतात, ते स्पंज शोषून घेतात आणि आपल्या जुन्या पेशी कचऱ्यासारख्या झाडून टाकतात. तो कचरा मग इतर बारीक जीव खातात. आपल्या काचेच्या पेटीत हे चक्र कितपत चालतं ते पेटीगणिक बदलेल, पण स्पंज पूर्ण खरवडला तर ते सुरूच होणार नाही.

उलट चूकही होते. दुकानातला सुंदर लाल किंवा नारिंगी स्पंज हौसेने आणायचा आणि भर दिव्याखाली ठेवायचा. त्यावर शेवाळ चढतं, छिद्रं बुजतात आणि तो उपाशी मरतो. मोठा स्पंज सडला की अमोनिया चढतो, छोट्या टँकमध्ये तर रातोरात. दुसरं म्हणजे दगड हलवताना स्पंज पाण्याबाहेर काढू नका. आतल्या नळ्यांत हवा अडकते आणि तेवढा भाग मरू शकतो. भांडं पाण्यात बुडवून त्यातूनच इकडचा तिकडे न्यावा. स्पंज पसरत पसरत प्रवाळाच्या अंगावर चढू लागला तर मात्र दया नको, तो दगडच वेगळा करा.

रात्री टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळून टँक पाहा, निम्मी भीती तिथेच जाते. ब्रिसल वर्म (अंगावर बारीक काटे असलेला समुद्री किडा) मेलेल्या प्रवाळावर सापडतो म्हणून खुनी ठरतो, पण बहुतेक वेळा तो मयताला आलेला असतो. फार झाले असतील तर आपण खाणं जास्त टाकतोय. हात लावायचा तर हातमोजा घालून. काटे टोचलेच तर आधी चिकटपट्टीने उपटावेत. खरा फायरवर्म वेगळा, जाड आणि झुपकेदार कल्ल्यांचा. तो प्रवाळ खातो, त्याला बाहेरच काढा.

एप्टेशिया, म्हणजे प्रवाळांना डंख मारणारं छोटं समुद्रफूल, हा खरा शत्रू. चिमट्याने ओढून काढणं ही सर्वात महाग चूक, कारण दगडावर राहिलेल्या कणभर तुकड्यापासूनही नवा एप्टेशिया उभा राहतो. पंप बंद करून सिरिंजने त्याच्या तोंडावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सोडायची. आपल्या चुन्याच्या निवळीचाच हा मोठा भाऊ, पण पानाच्या डबीतला चुना नको, शुद्ध पावडर घ्या. एका दिवशी तीन-चारच मारा, नाहीतर पीएच उसळतो. पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया खाऊन मदत करते, पण तिच्यासारखीच दिसणारी कॅमल कोळंबी प्रवाळ कुरतडते. घेताना नीट पाहा: पाठीवर ठळक कुबड आणि अंगावर पांढरे पट्टे असले तर ती कॅमल.

नळीतून चिकट जाळं सोडणारी व्हर्मेटिड गोगलगाय असेल तर नळीच्या तोंडावर सुपरग्लू जेलचा थेंब, बस्स.

आता गंभीर गोष्ट. कंटाळून दगड उकळू नका. त्यावर पॅलिथोआ (प्रवाळांचा मऊ, गुच्छाने वाढणारा भाऊबंद) असेल तर पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर घरभर जातं, आणि अशाने माणसं इस्पितळात गेली आहेत. पॅलिथोआचा दगड ब्रशने घासतानाही हातमोजे आणि चष्मा हवाच.

मालवणला गेलं की एखादा दगड पिशवीत घालावासा वाटतो, तोही मोह आवरा. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे आणि प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. सुरुवात कोरड्या दगडाने करा आणि कुणा मित्राच्या मुरलेल्या टँकमधला मूठभर तुकडा, आधी एप्टेशिया तपासून, विरजणासारखा टाका. पांढऱ्या सुरया त्यातूनही येतात.