छोट्या शेतकऱ्यांसोबत प्रकल्प चालवताय? या चुका टाळा

दरवर्षी मे महिन्यात पुण्यातून एखाद्या नव्या प्रकल्प समन्वयकाचा फोन येतो. तीन वर्षांचा आराखडा तयार असतो, निधी मंजूर असतो आणि प्रश्न एकच असतो, "सर, गावं कुठली घेऊ?" म्हणजे गावाच्या आधी पीक ठरलंय आणि पिकाच्या आधी लाभार्थ्यांचा आकडा. भोर, वेल्हे, पुरंदर भागात २२ वर्षं हेच पाहतोय. त्यातल्या बऱ्याच चुका मीही केल्यात, म्हणून हक्काने लिहितो.

काम कोणाचं वाढणार, हे न विचारणं

वेल्ह्याच्या एका खोऱ्यात आम्ही चारसूत्री भात न्यायचं ठरवलं. पद्धत चांगली आहे, त्यात वाद नाही. रोपवाटिकेत तुसाची राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, दोरीवर १५-२५ सेंटीमीटरच्या जोडओळी आणि चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध एक युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची दाबून केलेली गोळी, हाताने चिखलात खोल खोचायची. खत वाहून जात नाही, लागतंही कमी. मारुतीच्या देवळात बैठक झाली, ४० जणांनी माना डोलावल्या, रजिस्टरवर सह्या केल्या. सगळे पुरुष.

आवणी, म्हणजे भाताची लावणी, करतात बायका. त्याही सावडीने, आज माझं खाचर, उद्या तुझं. दोरी आली आणि आवणीचा वेग निम्म्यावर आला. पहिल्या घरचं एका दिवसाचं काम दोन दिवस चाललं. तिकडे बाकीच्यांचं रोप तरव्यात (रोपवाटिकेत) वाढत होतं, आणि वयात गेलेलं रोप फुटवे कमी धरतं हे त्या बायकांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. दुपारी एका आजींनी दोरी गुंडाळून बांधावर टाकली. "सायेब, तुमी धरा ही, वाका आमच्यासंगं. मग बघू किती हुतंय." मी वाकलो. तासाभरात कंबर धरली. त्या घरच्या सुनेला मात्र संध्याकाळी अख्ख्या सावडीची बोलणी खावी लागली, कारण दोरी तिच्या नवऱ्याने आणली होती.

ब्रिकेटची पोती पडवीत ओल धरून लगदा झाली. अहवालात "४० कुटुंबांनी तंत्र स्वीकारले" असं गेलं, कारण सह्या ४० होत्या. तो अहवाल मीच लिहिला होता.

पुढच्या वर्षीची पद्धत आजींनीच लावून दिली. प्रत्येक घरी एकच खाचर, दोरी ओढायची पुरुषांनी आणि ब्रिकेट खोचायच्याही त्यांनीच. ११ घरं तयार झाली. ११ च, पण खरी. तेव्हापासून माझी एक सवय आहे. नवीन तंत्र म्हटलं की आधी वहीत तीन रकाने आखतो: कोणाचे हात, कुठला आठवडा, किती तास. आठवडा आवणीचा किंवा झोडणीचा निघाला तर वही तिथेच मिटतो. शास्त्रज्ञांना हे आवडत नाही. नसू दे.

दुपारी एकची बैठक

दहाला शिवाजीनगरहून निघायचं, नसरापूर फाट्यावर चहा, एकला गावात आणि चारला परत, कारण खेड-शिवापूरला गर्दी लागते. त्या वेळेत देवळात कोण सापडणार? ज्यांना काम नाही ते. डेअरीवर दूध घालून झालं, जेवणं झाली की रात्री आठला बसा आणि मुक्काम करा. मुक्काम जमत नसेल तर पुण्यात बसून करायची कामं भरपूर आहेत.

आर्थिक वर्षाने शेती करणं

मंजुरी जूनमध्ये, खरेदी जुलैत, बियाणं ऑगस्टमध्ये. मृग ७-८ जूनला लागतं, त्याला तुमची फाइल दिसत नाही. उशीर झाला असेल तर वाटप करूच नका. ते पैसे रब्बीच्या हरभऱ्याला किंवा मसुराला वळवा आणि देणगीदाराला स्पष्ट कळवा.

सातबारा शेवटी बघणं

ही चौथी चूक, आणि हिने माझे अख्खे दोन उन्हाळे खाल्लेत. पुरंदरला अंजीरवाल्या २५ कुटुंबांना ठिबक द्यायचं होतं. अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेत ५५ टक्के अनुदान, इतरांना ४५. आमच्या मते सगळेच अल्पभूधारक, म्हणजे २ हेक्टरच्या आतले. कागद मागवले तर नऊ घरांची जमीन वारलेल्या आजोबांच्या नावावर. काहींचं खातं सामाईक. चार भाऊ प्रत्यक्षात पाऊण-पाऊण हेक्टर कसतात, पण ८-अ वर, म्हणजे खात्याच्या उताऱ्यावर, दिसतात ३ हेक्टर. भाकरी छोट्या शेतकऱ्याची, कागद बागायतदाराचा. नळ्यांची बंडलं शाळेच्या व्हरांड्यात पडून राहिली आणि पोरं त्यावर घसरगुंडी खेळली.

आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने तोडगा काढला. आत्यांकडून, म्हणजे त्या आजोबांच्या मुलींकडून, हक्कसोडपत्र घ्यायचं, पाच मिनिटांचं काम! गेलो हडपसरला एका आत्याबाईंकडे. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठिबक किती वर्षं चालतं?" सात-आठ, आम्ही म्हणालो. "आणि जमीन?"

हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तो आपल्या प्रकल्पाच्या सोयीसाठी सोडवून घेणं हा आडमार्ग आहे, तो मी माझ्या टीमला बंद केलाय. संमतीपत्र मागा, हक्कसोड मागू नका. आणि हे सगळं जानेवारीत सुरू करा. वारस नोंदीच्या फेरफारावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते, मग मंडल अधिकाऱ्याची मंजुरी, आणि मध्ये कोणाचं तरी लग्न निघतंच. मी पहिला महिना फक्त सातबारा आणि ८-अ गोळा करतो. समन्वयक वैतागतात, म्हणतात यात "काम" दिसत नाही.

आणखी काही, थोडक्यात

प्रात्यक्षिक गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराकडे घेऊ नका. लोक बघायला येतील आणि "त्याला जमतंय" म्हणून घरी जातील.

एकाच आठवड्यात ६० घरांना टोमॅटोची रोपं वाटू नका. गुलटेकडीच्या बाजारात सगळा माल एकदम उतरला की प्रकल्पाचं नाव गावात शिवीसारखं वापरतात.

वाफ्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर फुकट दिलात तर पुढच्या वर्षी गोठ्याच्या छपरावर दिसेल.

पंधरवड्यात कंपनी

शेतकरी उत्पादक कंपनी कायद्याने दहा उत्पादकांचीही होते. २०२० च्या केंद्राच्या योजनेत सपाट भागात किमान ३०० सभासद लागतात. म्हणून लोक पंधरवड्यात ३०० आधार कार्डांच्या झेरॉक्स जमवतात आणि त्याला संघटन म्हणतात. नियमांचं विचारलं तर उत्तर येतं, "आत्ताच नियम सांगितले तर लोक पळतील."

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या: माणशी अर्ध्या एकराला आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. ऊस नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा, आणि खर्चाचा २० टक्के हिस्सा सभासदांचा. एवढे कडक नियम ऐकूनही माणसं थांबली, आणि पुरंदरमध्ये अशा योजना पुढे आणखी गावांत झाल्या.

पहिली दोन वर्षं मला कंपनी नको असते, २० घरांचा गट पुरतो. सगळ्यांनी मिळून एक टेम्पो खत आणायचं, उधारी कोणाकडे किती ते फळ्यावर लिहायचं आणि दिवाळीपर्यंत फळा पुसला जातो का ते बघायचं. पुसला गेला तर कंपनी नोंदवायला सीएकडे जाऊ. नाही गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा एक टेम्पो.