कऱ्हाडचा रिकामा रकाना
मराठीत एम. ए. करून आठ वर्षे मुद्रितशोधन केल्यानंतर मी डेटा सायन्ससाठी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली, तेव्हा गणितापेक्षा जास्त छळले ते एका गावाच्या नावाने. सातारा जिल्ह्यातील तालुक्यांच्या दोन याद्या पांडाज ही तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी वापरून जोडताना कऱ्हाडसमोरचा रकाना दर वेळी रिकामा येई, आणि पडद्यावर तर दोन्ही नावे काना-मात्रेसकट सारखीच दिसत. दोन संध्याकाळी मी कोडच तपासत राहिले. शेवटी ‘लेन’ फंक्शनने लांबी मोजली, तर एक नाव ६ आणि दुसरे ७ भरले. मुद्रितशोधनातल्या सवयीने एकेक चिन्ह सुटे करून वाचल्यावर उलगडा झाला: एका यादीत ऱ, हलन्त आणि ह होते, तर दुसरीत साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह आणि त्यानंतर ह होते. युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेताच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवणरूपे एकसारखी करण्याच्या प्रक्रियेने, हा भेद मिटत नाही. म्हणून जोडणीआधी ‘रिप्लेस’ वापरून दुसरे रूप पहिल्यात बदलले आणि रकाना भरला. जुने काम नव्या कामाला असे उपयोगी पडल्याचा आनंद मोठा होता. वऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा असे शब्द असलेली प्रत्येक यादी मी आता आधी याच चाळणीतून काढते.